कालवणापुढं धरलेला उपास

आमचा धाकटा मुलगा आणि सून इटलीला जाऊन आले, त्यालाही आता काही वर्षं झाली. कंपनीनं त्याला कामाला धाडलं होतं, त्यानं बायकोलाही नेली, आणि काम झाल्यावर आठवडाभर दोघं तिथल्या डोंगरात फिरली. आल्यावर फोटोंचा आल्बम घेऊन घोडेगावच्या एसटीनं घरी आली, कारण वाटेत सुनेची मावशी होती. ओट्यावर सगळी जमली. डोंगर, ढग, पाठीवर पिशव्या. आणि जेवणाचे फोटो तर विचारू नका. ह्या ताटात शेवयांसारखं काहीतरी, त्या ताटात चीज, आणि सून नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, गालाला लाल रस्सा लागलेला, घास तोंडात.

आमचे मालक चष्मा वर करून तो फोटो बघत राहिले. मग मला दाखवून म्हणाले, "बघ. जेवतीय कशी. नवऱ्याशेजारी बसून, आवडीनं."

बाकी कोणाला त्यात काही कळलं नाही. सून लाजली, पोरं हसली. मी मात्र चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले आणि चुलीपाशी नुसतीच उभी राहिले. ते बोलणं मला होतं. का होतं, ते आता सांगते.

आमच्या मालकांना जेवणाला चांगलं म्हणायची सवय नाही. वाईटही म्हणणार नाहीत. जेवायचं, हात धुवायचा, उठायचं. पण वर्षातून एकदोनदा ओढ्याचे खेकडे घरात आले की त्यांची जीभ सैल व्हायची. "बरं झालंय. पर वहिनीच्या घरचं ते येगळंच व्हतं."

ही वहिनी नात्यातली नव्हे. लग्नाआधी मालक जमीन मोजणीच्या लोकांबरोबर साखळी धरायला म्हणून घोडेगावच्या वर, पार डोंगराच्या टोकाच्या गावात महिनाभर राहिले होते. ज्या घरात उतरले तिथली ती बाई. आमचं घर निमगाव सावाला, सपाटीला. तो डोंगर आम्हाला मावळतीला निळा दिसायचा, तेवढाच. वीसेक वर्षं मी त्या न पाहिलेल्या बाईच्या हातचं ऐकून घेतलं. दुसरीच्या हातचं कौतुक बायकोला किती गोड लागतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग थोरल्या लेकीचं लग्न झालं. नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. पिंपरी पेंढारला दिली. माणसं चांगली, पण सोयरीक नवी, त्यामुळं शब्द तोलून बोलायचे दिवस. त्या साली गौरीबरोबर गणपती उठले, पितरपाठाला अजून अवकाश होता, शेतात काम थोडं होतं. गोठ्यात मी धार काढत होते आणि मालक मागं येऊन म्हणाले, "चल, वहिनीकडं जाऊन येऊ. दोघंच. दोन रात्री ऱ्हाऊ. तिच्या घरचं जेवू. तुला कडा दावतो, खाली कोकण दिसतं."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? फिराया."

मला वाटलं ह्यांना ताप आलाय. आमच्यात नवरा-बायको बाजाराला निघाले तरी तो दहा पावलं पुढं आणि ती मागं. देवाला जावं, लग्नाला जावं, दवाखान्यात जावं. फिरायला? ते सुट्टं जनावर फिरतं. घरात सासूबाई, दोन जावा, आणि लेक नुकती सासरी गेलेली. तिच्या सासरी कळलं की पोरीला उजवली आणि आईबाप हातात हात घालून डोंगर बघत हिंडतात, तर तिथं पोरीनं काय तोंड दाखवायचं?

पण जायचं तर मलाही होतं. ती बाई बघायची होती. म्हणून मी सासूबाईंना सांगितलं, "नवस हाये. पोरीचं लगीन नीट पार पडलं तर भीमाशंकराला डोंगरातनं पायी येईन, असं बोलले व्हते."

सासूबाईंनी बसल्या जागी हात जोडले. "मंग आदी न्हाई का सांगायचं? देवाचं ठिवून घेऊ न्हाई." नारळ त्यांनीच काढून दिला.

मालक दारात उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं. स्टँडवर जाताना म्हणाले, "देवाला कशाला मदी घातलास?"

"मंग काय सांगू?"

"खरं."

"खरं सांगाया मला तोंड न्हाई."

त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या बरोबरीनं चालत होते, आणि मीच दोन पावलं मागं राहत होते.

घोडेगावात आम्ही डोंगराकडची मुक्कामी गाडी धरली. मुक्कामी म्हणजे ती संध्याकाळी वरच्या गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि सकाळी गाडी परत. आम्ही बसलो, घंटी वाजली, आणि मागून आवाज आला, "आरं, पावणं? आन् इहीनबाई? तुमी इकडं कुटं?"

कंडक्टर म्हणजे आमच्या लेकीचा चुलत सासरा. माणूस मनानं चांगला, पण जिभेचा पट्टा मोकळा. लग्नात आमच्या जिलबीला त्यानं असं नाव ठेवलं होतं की पंगतच्या पंगत हसली होती. मालकांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "नवस हाये. भीमाशंकराला."

"मंग ही गाडी कशाला धरली? मंदिराची गाडी येगळी."

"पायी जायचंय. वरच्या गावातनं रानातली वाट हाये म्हनत्यात."

"हाये की. पर लई चालणं हाये, इहीनबाई." मग त्याचा आवाज बदलला. "पोरीसाठी का? चांगलं हाये. आईचा नवस तो आईचा नवस." त्यानं आम्हाला पुढच्या बाकावर बसवलं आणि एका पोत्यावाल्याला उठवून मागं पाठवलं. मालक पूर्ण रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते. धरणाचं पाणी संपलं, घाट सुरू झाला, तरी मान वळली नाही.

वर पोचलो. वहिनी अंगणातच होती. मी मनात एक उंच, गोरी, नाकीडोळी नीटस बाई धरून बसले होते. ही माझ्या खांद्याला लागेल एवढी, पुढचा दात पडलेला, पायाला भातखाचराचा चिखल. मालकांना बघून तिनं डोळ्यावर हात धरला. "मोजनीवालं भाऊ का? आरं, केसं पार पांढरी झाली की तुमची."

"तुझा दात कुटं गेला, वहिनी?"

"गेला तुमची वाट बघून." ती खळखळून हसली. "आन् ह्या?"

"माझी मालकीण. तुझ्या घरचं खायाला घिऊन आलोय."

हे त्यांनी शेजारपाजारच्यांसमोर सांगितलं. मी पदर पुढं ओढला.

उजेड होता तोवर वहिनीनं टोपली उचलली आणि मला म्हणाली, "चल बाय, वढ्याला." तिच्या दादल्यानं मालकांना बिडी दिली, ते दोघं जुन्या गोष्टींना लागले आणि आम्ही बायका खाली गेलो. ती दगडाखाली हात घालायची, जरा थांबायची आणि खेकडा पाठीकडून धरून वर काढायची. मी आपली टोपली धरून उभी.

"वीस वरसं झाली," मी म्हणाले, "पर घरात खेकडं आलं की ह्यांना तुझी आठवण येती."

ती वाकल्या वाकल्या थांबली. "माझी? आगं, तवा मी नवी नवरी. मला चूल पेटवता येत नव्हती धड. रांदायची माझी सासू. मी निस्ती वाढायची." आणि मग हसत खाली बसलीच. "दिसभर डोंगर चढायचं, सांच्याला उपाशी यायचं. त्यांना तवा दगुड शिजवून दिला आसता तरी गॉड लागला आसता."

मीही हसले. वीस वर्षांचं एक कुसळ त्या ओढ्यात वाहून गेलं म्हणायचं. वाटेत तिनं मला कुर्डूची कोवळी पानं खुडायला लावली, भाताची खाचरं दाखवली. घरी येईपर्यंत आमचं मैतर झालं होतं.

सैपाक मी बघत होते. बारक्या नांग्या तिनं पाट्यावर वाटल्या, पाणी घालून रस गाळला आणि तो रस कालवणात ओतला. वर थोडं नाचणीचं पीठ लावलं. आम्ही खाली सगळं एकदमच शिजवतो, ही रीत मला माहीत नव्हती. नाचणीच्या भाकरी, कुर्डूची भाजी, खुरासणीची काळी चटणी, आणि नव्या मडक्यातला हातसडीचा भात. वास असा की मला घराचा, सासूबाईंचा, सगळ्याचा विसर पडला.

मालक म्हणाले, "वहिनी, हिचं ताट हितंच वाढ, माझ्याशेजारी."

मी नको म्हणाले. वहिनी म्हणाली, "आमच्यात समदी संगच बसत्यात. बस." मी बसले. लग्नानंतर मी कधी मालकांच्या शेजारी जेवायला बसले नव्हते, त्यांचं झाल्यावर जेवायचे. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, पण भाकरी मोडायची थांबले होते. मी पहिला घास घेते का ते बघत होते. मी नांगी उचलली, दातानं फोडली, रस जिभेला लागला, आणि खरं सांगते, तसं कालवण मी आजवर कुठं खाल्लं नाही.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "वहिनी, आज वास पार गाडीपर्यंत आलाय." कंडक्टर आणि ड्रायव्हर. मुक्कामाला आले की ते ह्याच घरी जेवत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मालकांना तरी कुठून माहीत असणार.

कंडक्टरनं आत पाऊल टाकलं आणि मला बघितलं. नांगी माझ्या हातात, ओठाला रस.

"आरं वा, इहीनबाई," तो हसत म्हणाला. "नवसाला खेकडं चालत्यात व्हय तुमच्याकडं?"

देवाला निघालेली बाई, तोंडात वशाट. पिंपरी पेंढारला ही गोष्ट कशी सांगितली जाईल ते मला आख्खं ऐकू आलं. त्या पंगतीतलं हसूसुद्धा. मी नांगी ताटात टाकली आणि म्हणाले, "न्हाई, न्हाई. हे ताट ह्यांचंच हाये. माझा उपास हाये."

म्हणताना पदरानं तोंड पुसत होते.

मालकांनी हातातली भाकरी खाली ठेवली. सावकाश म्हणाले, "पावणं, आमचा नवसबिवस काय न्हाई. मी हिला फिराया आनलीय. ह्या घरचं जेवान खायाला घालायचं व्हतं आन् उद्या कडा दावायचा व्हता. येवढंच हाये."

ड्रायव्हर चप्पल काढता काढता एका पायावर थांबला. कंडक्टरचं हसू गेलं होतं. चेष्टा करायचं ते तोंडच राहिलं नव्हतं त्याचं. आता मागं वळून बघते तेव्हा वाटतं, मी नुसतं "व्हय" म्हणाले असते तरी भागलं असतं. सोयरा आमच्याबरोबर बसून जेवला असता, दोन टोमणे मारले असते आणि झालं असतं. पण मी म्हणाले, "ह्यांचं काय ऐकता. ह्यांना चेष्टा करायची सवय हाये. देवाच्या वाटंवर आसं बोलू नये म्हनलं तरी ऐकत न्हाईत."

मालकांनी माझ्याकडं एकदा बघितलं. रागानं नाही. ओळख नसलेल्या बाईकडं बघावं तसं. मग ते जेवायला लागले.

वहिनीनं माझं ताट उचललं. माझा हात लागलेला, तोंड लागलेलं, ते परत भांड्यात कसं जाणार? तिनं ते मागच्या दारी नेलं. तिनं दगडाखाली हात घालून काढलेला खेकडा कुत्रं कडाकडा फोडत होतं, आणि आत आम्ही सगळी तो आवाज ऐकत बसलो होतो. परत येऊन तिनं विचारलं, "वरईचा भात चालंल ना उपासाला?" आणि विझत आलेली चूल पुन्हा फुंकली. माझ्या एकटीसाठी.

सकाळी गाडी निघताना कंडक्टरनं मला हात जोडले. "देवाला आमचाबी नमस्कार सांगा." त्यात टोमणा नव्हता, म्हणून तो जास्त लागला.

मग आम्ही कड्यावर गेलो. सोनकी फुललेली, पठारच्या पठार पिवळं. ह्या वाटेनं कसं चालायचं, कुठं बसायचं, हे मालकांनी वीस वर्षं मनात धरलेलं असणार. ते पुढं चालले होते, मी मागं. बाजाराला जाताना असतं तेवढंच अंतर. कड्यावर धुकं होतं, ते हळूहळू फाटलं आणि खाली, लई खाली, हिरवं दिसायला लागलं.

"ते काय हो?" मला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"कोकण."

दगडावर बसून त्यांनी वहिनीनं दिलेली दोन गाठोडी सोडली. एकात भाकरी, चटणी आणि रात्रीची सुकी भाजी. दुसऱ्यात शेंगदाणे आणि गूळ. दुसरं माझ्यापुढं सरकवलं.

"अवो, द्या की भाकरी," मी म्हणाले. "सोडला मी उपास. कोन बघतंय हितं?"

"देवाला गेल्याबिगर कसा सुटंल? चारचौघांत बोललीस न्हवं?"

"चुकलं माझं."

"चल. पायी जायाचंय तुला. लई लांब हाये."

मला वाटलं, रागाच्या भरात म्हणाले. पण ते खरंच उठले आणि रानातल्या वाटेला लागले. दुसरी रात्र वहिनीकडं राहायचं ठरलं होतं, ती कोंबडी कापणार होती. ते सगळं तिथंच राहिलं. दिवस कलेपर्यंत आम्ही त्या दाट रानातून चालत होतो. माझ्या टाचा फुटल्या, एके ठिकाणी मी निसरड्यावर बसलेच. तेव्हा ते मागं आले, हात दिला, उठवलं, आणि परत पुढं जाऊन चालायला लागले. हात धरला होता तेवढ्या वेळात मला काहीतरी बोलायचं होतं. नाही बोलले.

देवळात सासूबाईंचा नारळ दिला. पुजारीबाबांनी विचारलं, "नवस कशाचा?"

मालक म्हणाले, "हिला इचारा."

मी म्हणाले, "लेकीच्या लग्नाचा." आणि पिंडीकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाई उंबऱ्यापाशी तांब्या घेऊन उभ्या होत्या. देवाहून आलेल्या माणसाच्या पायावर पाणी घालायची आमच्याकडं रीत. माझ्या फुटलेल्या टाचांवर त्यांनी स्वतः पाणी घातलं. "किती सोसलं पोरीसाठी," म्हणाल्या. मालक गोठ्याकडं निघून गेले.

मग दिवाळसणाला लेक-जावई आले आणि त्यांच्याबरोबर तो कंडक्टर पाहुणाही आला. मी आदल्या दिवसापासून धास्तीत. पंगत बसली. पुरणपोळी, आमटी, भजी. सासूबाई कोपऱ्यात खाटेवर. मी तूप वाढत त्याच्यापाशी आले तसा तो मिश्कील बघून म्हणाला, "काय इहीनबाई, आज जेवनार का आजबी उपास?"

जावई हसला. लेक हसली. म्हणजे त्यानं तिकडं सांगितलं होतं, आणि तिकडं सगळी हसली होती, आणि पोरीला कोणी एका शब्दानं वाईट बोललं नव्हतं. एवढंच होतं ते. ज्याला मी एवढी भ्याले ते एवढंच होतं.

पण सासूबाईंचे कान तिखट. "कसला उपास गं?"

माझ्या हातातलं तूप सांडलं. कंडक्टरच्याही लक्षात आलं की भलत्या जागी बोट लागलं. मी खाली बघत होते आणि मनात म्हणत होते, सांग. आता तरी सांग, ह्यांनी मला फिरायला नेली होती म्हणून.

मालक म्हणाले, "नवसाचा, आई. तिनं धरला व्हता न्हवं का."

डोंगरावर परक्याच्या घरात जो माणूस चारचौघांत खरं बोलला, तो आपल्या आईपुढं, जावयापुढं हे बोलला. कंडक्टरनं त्यांच्याकडं बघितलं. त्यानं दोन्ही ऐकलं होतं. मग तो ताटाकडं बघत म्हणाला, "व्हय आई. नवसाचाच. कडक धरला व्हता इहीनबाईनी." सासूबाईंनी कपाळाला हात लावून देवाला नमस्कार केला आणि पंगत पुढं चालू झाली.

पाहुणे गेल्यावर मी गोठ्यात गेले. ते म्हशीपुढं कडबा टाकत होते.

"खोटं का बोललात?" मी विचारलं.

त्यांनी पेंढी सोडली, पसरली, काडी काडी सारखी केली.

"येवढा इमानानं धरला व्हतास उपास," ते म्हणाले. "मीच कशाला मोडू?"

मी चाचरत म्हणाले की परत एकदा जाऊ वहिनीकडं, दोघंच, आणि ह्या खेपेला मी घरात खरं सांगून निघेन. ते "बघू" म्हणाले. पुढं शेत होतं, पोरांची शिक्षणं होती, मग त्यांचे गुडघे गेले. मी घरात सांगितलं नाही, आणि आम्ही गेलो नाही.